ग्राफिक्स कार्ड तापते: कॅबिनेटमधील पंख्यांची मांडणी कशी असावी?

प्रश्न

नमस्कार. मी नागपुरात वास्तुरचनेची त्रिमितीय चित्रे तयार करण्याचे काम करतो आणि त्यासाठी सुटे भाग घेऊन डेस्कटॉप जोडून घेतला आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्यावर टॉवर पद्धतीचा एअर कूलर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि पुढे काच असलेले मध्यम आकाराचे कॅबिनेट, अशी जुळणी आहे. समोरचे १२० मिमीचे दोन पंखे हवा आत घेतात. मागचा एक आणि वरचे दोन बाहेर टाकतात. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (दृश्यापासून अंतिम चित्र तयार करण्याचे काम) लावला की अर्ध्या तासात कार्ड ८३ अंशांवर जाते, त्याचे पंखे खोलीभर ऐकू येतात आणि क्लॉक (कार्डाच्या कामाचा वेग) उतरू लागतो. मे महिन्यात दुपारी खोलीतच ३८ अंश असतात, हेही नमूद केले पाहिजे.

गरम हवा वर जाते म्हणून वरचे दोन पंखे विक्रेत्याच्या सल्ल्याने नंतर बसवले, परंतु कार्डाच्या तापमानात फरक पडला नाही. हे पंखे उलटे बसवून त्यांनी हवा आत घ्यावी का? तसेच खोलीत वाळ्याचा डेझर्ट कूलर आहे. संगणक त्याच्या झोतात ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद १

गरम हवा वर जाते हे खरे आहे, परंतु पंखे फिरत असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा कोठून कोठे जाईल हे पंखेच ठरवतात. तिचे आपोआप वर चढणे त्यांच्यापुढे नगण्य असते. म्हणून पंखे किती आहेत यापेक्षा थंड हवा कार्डापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न आधी विचारावा. आपल्या जुळणीत सर्वाधिक उष्णता कार्डातून येते. त्याची मर्यादा १७० वॅट आहे आणि प्रोसेसरची ६५ वॅट, जो प्रत्यक्षात त्याहून थोडा वर जाऊ शकतो. आपल्या कार्डाचे पंखे जर खालच्या अंगाला असतील, जसे ते बहुतेक कार्डांत असतात, तर ते खालची हवा ओढतात आणि तापलेली हवा कॅबिनेटमध्येच सोडतात.

वरच्या दोन पंख्यांपैकी मागच्या बाजूचा ठेवावा, कारण तो प्रोसेसरच्या कूलरमधून निघालेली हवा लगेच उचलतो. पुढच्या बाजूचा मात्र समोरून नुकतीच आत आलेली थंड हवा काहीही थंड न करता वरच्या वर बाहेर फेकतो. तो काढून समोर सर्वांत खाली बसवावा, म्हणजे त्याची हवा थेट कार्डाखाली जाईल. तेथे केबलचा गुंता असेल तर तो मदरबोर्डच्या (सर्व भाग जोडलेल्या मुख्य फलकाच्या) मागे न्यावा. वरचे पंखे उलटे बसवू नयेत, कारण त्यांनी घेतलेली हवा मागचा पंखा जवळच्या वाटेने बाहेर काढून टाकेल.

पंख्याची दिशा ओळखणे सोपे आहे. ज्या बाजूला मोटारीला धरणाऱ्या आडव्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. सर्व पंखे चालू असताना पेटती उदबत्ती कॅबिनेटच्या मागे, कार्डाच्या खालच्या रिकाम्या स्लॉटांजवळ (जादा कार्डांसाठीच्या खाचांजवळ) धरून पाहा. धूर आत ओढला जात असेल तर आतला दाब कमी आहे, म्हणजे समोरचे पंखे कमी पडत आहेत.

प्रतिसाद २

वरील मांडणीशी मी सहमत आहे. थोडी आकडेमोड जोडतो. एकूण उष्णता सढळपणे ३०० वॅट धरली आणि कॅबिनेटमधून मिनिटाला खरोखर ५० घनफूट हवा गेली, तर बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा सुमारे ११ अंशांनी गरम असेल. शंभर घनफूट गेली तर फरक साडेपाच अंशांवर येईल आणि दोनशे गेली तर पावणेतीनवर. प्रवाह दुप्पट करण्याचा लाभ असा दर वेळी निम्मा होत जातो आणि आवाज मात्र वाढत राहतो. खोक्यावर छापलेला घनफुटांचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, हेही ध्यानात घ्यावे.

तापमान नेहमी खोलीशी तुलना करून पाहावे. आपल्याकडे फरक ४५ अंशांचा आहे. हिवाळ्यात खोली २० अंशांवर असताना हेच कार्ड साधारण ६५ अंशांवर राहील आणि आपल्याला तक्रारच जाणवणार नाही. मांडणी बदलण्यापूर्वी एकच दृश्य आधी साइड पॅनेल लावून आणि मग काढून रेंडर करावे. फरक दोन-तीन अंशांचा असेल तर कॅबिनेटचा दोष नाही. आठ-दहा अंशांचा असेल तर कॅबिनेटला हवाच पुरत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पंख्यांचा वेग बहुधा प्रोसेसरच्या तापमानावर ठरवतो. आपला रेंडर कार्डावर चालत असेल तर त्या वेळी प्रोसेसर तुलनेने शांत असतो, त्यामुळे कार्ड तापलेले असतानाही समोरचे पंखे संथ फिरतात. विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ या मोफत सॉफ्टवेअरने ते कार्डाच्या तापमानाशी जोडता येतात. ते नको असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) समोरच्या पंख्यांचा वेग ६० ते ७० टक्क्यांवर कायम ठेवावा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. साइड पॅनेल काढल्यावर कार्ड ७४ अंशांवर स्थिरावले आणि उदबत्तीचा धूर मागच्या स्लॉटांतून स्पष्टपणे आत जात होता. समोर तिसऱ्या पंख्यासाठी जागा आहे. परंतु पुढची काच आणि कॅबिनेट यांच्यात दोन्ही बाजूंना जेमतेम दीड सेंटीमीटरची फट आहे. तेवढी पुरेल का? शिवाय समोरचे पंखे तीन पिनांचे आहेत आणि वरचा चार पिनांचा.

प्रतिसाद ३

नऊ अंशांचा फरक काचेकडेच बोट दाखवतो. फट ४० सेंटीमीटर उंच धरली तरी एका बाजूला ६० आणि दोन्ही मिळून १२० चौरस सेंटीमीटर जागा होते. १२० मिमीच्या एका पंख्याचे पाते फिरते ते क्षेत्रच जवळपास शंभर चौरस सेंटीमीटर असते. म्हणजे तीन पंख्यांना एकाच्या वाटणीची हवा मिळणार. काच काढून तेथे जाळी बसवणे हा यावरचा खरा उपाय आहे. कॅबिनेटच्या उत्पादकाकडे जाळीचे पॅनेल सुटे मिळते का ते पाहावे; न मिळाल्यास लोखंडी जाळी मापात कापून तिच्यामागे नायलॉनचा बारीक फिल्टर लावावा. काच ठेवायचीच असेल तर जास्त स्टॅटिक प्रेशरचे (अडथळा असतानाही हवा ढकलणारे) पंखे घ्यावेत, पण त्यांनी अडचण थोडीच कमी होईल.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की धूळ फटींतून न शिरता फिल्टरवर अडकते. उन्हाळ्यात तो फिल्टर पंधरवड्याने धुऊन पूर्ण वाळवून लावावा, कारण धुळीने भरलेला फिल्टर काचेइतकाच घातक असतो.

डेझर्ट कूलरच्या झोतात संगणक कदापि ठेवू नये. झोताबरोबर सूक्ष्म थेंब येतात आणि पाणी जड असेल तर त्यांतील क्षार सर्किटवर व हीटसिंकच्या (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर पांढरे साचतात. त्यात धूळ मिसळली की तिचा घट्ट थर होतो. संगणक झोताच्या बाजूला ठेवावा आणि खिडकी उघडी ठेवून कूलर जरूर चालवावा. खोली सहा अंशांनी उतरली तर कार्डही, वेग व भार तोच असताना, जवळजवळ तितकेच उतरते.

तीन पिनांच्या पंख्यांचा वेग व्होल्टेजने बदलतो, म्हणून बायोसमध्ये त्यांच्या हेडरला (मदरबोर्डवरील पंख्याच्या जोडणीला) डीसी, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलणारा, मोड द्यावा. चार पिनांचा पंखा त्यांच्याबरोबर एकाच स्प्लिटरवर (एका हेडरवर अनेक पंखे जोडणाऱ्या केबलवर) जोडू नये. हेडर पीडब्ल्यूएम मोडवर (व्होल्टेज कायम ठेवून चौथ्या पिनेवरील संकेताने वेग बदलणाऱ्या) गेला की तीन पिनांचे पंखे पूर्ण वेगाने फिरतील. चार पिनांच्या पंख्याला वेगळा हेडर द्यावा. एका हेडरची मर्यादा साधारणपणे एक अँपिअर असते, तेव्हा पंख्यांच्या मध्यभागी छापलेले अँपिअर जोडण्यापूर्वी बेरीज करून पाहावेत.