मदत हवी आहे : पुनर्विक्रेत्याकडून घेतलेल्या तिकिटांचे पैसे परत कसे मिळवावेत?

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधील एका संगीत कार्यक्रमाची दोन तिकिटे माझ्या भाच्याने पुनर्विक्री करणाऱ्या संकेतस्थळावरून क्रेडिट कार्डाने घेतली. मूळ दर साडेचार हजार असताना प्रत्येकी अकरा हजार मोजले आणि हाती आला तो क्यूआर कोडचा पुसट स्क्रीनशॉट, त्यावरही नाव भलत्याच माणसाचे. ‘विकलेले तिकीट परत घेतले जात नाही’ एवढेच ठरावीक उत्तर विक्रेता पाठवतो. जादा दराचे एक वेळ सोडून देऊ, पण प्रवेशच नाकारला तर काय? बँकेकडे चार्जबॅकची (म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मिळवण्याची) मागणी आताच करावी, की प्रवेशद्वारावर अडवल्याचा पुरावा लागतो? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करून कोणाला पैसे मिळाले आहेत का, की थेट सायबर फसवणुकीच्या १९३० वरच कळवावे? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.