पोर्तुगालमधील भाचीला दत्तक घेऊन गोव्यात आणायचे आहे : प्रक्रियेविषयी मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. माझे वय ४१ आणि यजमानांचे ४५ आहे. लग्नाला १५ वर्षे झाली असून आम्हाला १२ वर्षांचा एक मुलगा आहे. माझा धाकटा भाऊ, गोव्यातील अनेक तरुणांप्रमाणे, आईवडिलांच्या १९६१ पूर्वीच्या जन्मनोंदींच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन लिस्बनला गेला आणि तिथेच स्थिरावला. त्याची मुलगी तिथेच जन्मली आणि जन्मापासून पोर्तुगीज नागरिक आहे. भावजय तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली आणि गेल्या पावसाळ्यात भाऊही अपघातात गेला. मुलगी आज सात वर्षांची आहे. तिथल्या न्यायालयाने तिला तात्पुरते भावाच्या शेजारच्या कुटुंबाकडे सोपवले आहे. ही माणसे अत्यंत चांगली आहेत, परंतु वयस्कर आहेत, आणि हे कायमचे आपल्याच्याने होणार नाही, असे त्यांनी आम्हाला स्वतःहून सांगितले आहे. भावजयीकडचे तिला एक मामा आहेत. ते आखातात नोकरीला असून, आम्ही तिला घेण्यास त्यांची लेखी संमती द्यायला ते तयार आहेत.

माझी आई आमच्याजवळच असते आणि दर रविवारी संध्याकाळी नातीशी व्हिडिओवर बोलते. गोवा मुक्त झाला तेव्हा आई नऊ वर्षांची होती, त्यामुळे तिचे पोर्तुगीज प्राथमिक शाळेतल्या पुस्तकाइतकेच आहे, आणि नातीची कोंकणी घरात ऐकलेल्या शब्दांइतकी. तरी दोघींचे तासभर चालते. मागच्या रविवारी तिने पडलेला दुधाचा दात चिमटीत धरून कॅमेऱ्याजवळ आणून दाखवला. आईने सवयीने सांगितले की तो कौलांवर टाक. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला कौले कुठून असणार? तिने तो एका डबीत ठेवला आहे आणि आजीच्या घराच्या कौलांवर टाकायचा म्हणून जपून ठेवणार आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आम्ही घाईने काही चुकीचे पाऊल उचलले तर त्याची किंमत या मुलीला मोजावी लागेल, ही भीती मला रात्रंदिवस आहे.

गेल्या चार महिन्यांत आम्हाला जे सल्ले मिळाले ते एकमेकांशी जुळत नाहीत. एका वकिलांनी सांगितले की गोव्यात पोर्तुगीज कायदाच चालतो, तेव्हा इथल्या नोटरीकडे दत्तकपत्र करा, तो कागद लिस्बनला चालेल. दुसऱ्या एका गृहस्थांनी, जे पोर्तुगीज पासपोर्टची कामे करून देतात, असे सुचवले की मुलीला सुटीसाठी म्हणून पर्यटक व्हिसावर आणा आणि मग इथेच सगळे उरका. त्यांनी त्यासाठी मोठी रक्कमही सांगितली. आम्ही त्यांना नकार दिला. मात्र योग्य मार्ग कोणता, हे अजून कुणी नीट सांगितलेले नाही. सुरुवात लिस्बनच्या न्यायालयातून करायची की गोव्यातून, केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजे कारा याचा आमच्यासारख्या नात्यातल्या प्रकरणाशी संबंध येतो का, आणि दत्तक झाल्यावर तिचे पोर्तुगीज नागरिकत्व राहील की जाईल, हे मला समजून घ्यायचे आहे.

याहून अवघड असा आणखी एक प्रश्न आहे. दत्तक घेतले की कागदोपत्री ती माझ्या भावाची मुलगी राहणार नाही, असे मी वाचले. भावाचे आडनाव माझ्या सासरच्या आडनावापेक्षा वेगळे आहे, म्हणजे तेही जाईल. वडिलांच्या पश्चात आमच्या जुन्या घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणी ठरवणारी न्यायालयीन प्रक्रिया, झालेली नाही. त्या घरात भावाचा वाटा आहे आणि तो त्याच्या मुलीचाच आहे, याविषयी आमच्या घरात दुमत नाही. आई म्हणते, मुलगी घरी आली म्हणजे झाले. परंतु भावाचे नाव तिच्या जन्मदाखल्यावरून पुसायला मीच कारण व्हावे, हे माझ्या मनाला पटत नाही. दत्तकाऐवजी केवळ पालकत्व घेऊन तिला इथे वाढवता येईल का? ज्यांनी ही वाट पाहिली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिसवाडीकर यांचे उत्तर :

ताई, आपल्या कुटुंबावर ओढवलेल्या दुःखाबद्दल मनापासून सहवेदना. मी बाल संरक्षणाच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केले आहे, त्या आधारावर लिहितो.

प्रथम नोटरीच्या कागदाचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. गोव्यात जी पोर्तुगीज नागरी संहिता चालते ती १८६७ ची आहे. खुद्द पोर्तुगालने ती मागे टाकून १९६६ मध्ये नवी संहिता केली. गंमत म्हणून नव्हे, तर आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे म्हणून सांगतो की १८६७ च्या संहितेत दत्तकाची तरतूदच नव्हती. पोर्तुगालमध्ये दत्तकविधान परत आले ते १९६६ च्या संहितेमुळे. त्यामुळे ‘आपला आणि त्यांचा कायदा एकच’ हे विधान नेमके दत्तकाच्या बाबतीत सर्वांत चुकीचे ठरते. तिथे दत्तक केवळ न्यायालयाच्या निर्णयानेच होते.

पर्यटक व्हिसाचा मार्ग तर धोक्याचा आहे. मुलगी सध्या न्यायालयाच्या आदेशाखाली आहे. कायमचे ठेवण्याच्या हेतूने तिला सुटीच्या नावाखाली बाहेर काढणे म्हणजे ज्या न्यायालयाचा विश्वास आपल्याला हवा आहे त्याचीच फसवणूक होईल. त्या गृहस्थांना नकार दिलात हे फार चांगले केलेत.

आता मूळ मुद्दा. भारत आणि पोर्तुगाल हे दोन्ही देश १९९३ च्या हेग दत्तक करारात, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत. भारतात तो १ ऑक्टोबर २००३ पासून लागू आहे. हा करार मुलाचे नागरिकत्व पाहत नाही, तर मूल कोणत्या देशात राहते आणि दत्तकानंतर कोणत्या देशात जाणार आहे, हे पाहतो. नात्यातील दत्तकही त्यातून सुटत नाही. कराराच्या अनुच्छेद १४ प्रमाणे दत्तक घेणाऱ्यांनी आपण जिथे राहतो त्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. म्हणजे आपली सुरुवात लिस्बनला नव्हे, गोव्यात होते : आपल्या जिल्ह्याचा बाल संरक्षण कक्ष आणि त्यामार्फत नवी दिल्लीतील कारा. समाजसेविका आपल्या घरी येतील, आपल्याशी, सासूबाई-आई जे कोणी घरात असतील त्यांच्याशी आणि मुलाशीही बोलतील आणि गृह अध्ययन अहवाल तयार करतील. त्यांच्यासाठी घर सजवू नका. भावाच्या जाण्याचे दुःख घरात अजून ताजे आहे, हेही मोकळेपणाने सांगा. जन्माचे, वास्तव्याचे, उत्पन्नाचे आणि वैद्यकीय दाखले लागतील. सिव्हिल रजिस्ट्रारकडची लग्नाची नोंदही लागेल. आपल्याकडे दुसरी सही झाल्याशिवाय लग्नाची नोंद पुरी होत नाही, आणि काहींची ती वर्षानुवर्षे राहून गेलेली असते, तेव्हा आपली झाली आहे ना, हे आधी पाहून घ्या.

हा अहवाल पोर्तुगालच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे जातो, तिकडून मुलीचा अहवाल आणि वैद्यकीय तपासणी इकडे येते, आणि अनुच्छेद ५ व १७ प्रमाणे कारा मान्यता देते. भारतीय नागरिकांनी परदेशातील मूल दत्तक घेण्याविषयी २०२२ च्या दत्तक नियमावलीत स्वतंत्र तरतूद आहे : औपचारिकता प्रथम त्या देशाच्या कायद्याप्रमाणे पूर्ण करायच्या, मग परदेशी पासपोर्ट असलेल्या मुलाला तिथल्या भारतीय दूतावासाने कागद तपासून प्रवेश व्हिसा द्यायचा, आणि गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची परवानगी दूतावासामार्फतच घ्यायची. १ सप्टेंबर २०२२ पासून देशांतर्गत दत्तकाचे आदेश जिल्हा दंडाधिकारी देतात, म्हणून काही जण आपल्याला थेट कलेक्टर कचेरीत पाठवतील. परंतु आपल्या प्रकरणात दत्तकाचा आदेश पोर्तुगीज न्यायालयाचा असेल. त्या आदेशासोबत अनुच्छेद २३ चे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय लिस्बन सोडू नका. करारातील इतर देशांत तो दत्तक मान्य होतो, तो त्या प्रमाणपत्रामुळे.

कराराच्या अनुच्छेद २९ मध्ये दत्तक पालकांनी आधी मुलाचा सांभाळ करणाऱ्यांशी संपर्क ठेवू नये असे म्हटले आहे. ते वाचून घाबरू नका, कारण कुटुंबांतर्गत दत्तकाला त्यात स्पष्ट अपवाद आहे. आईंचे रविवार चालू राहू द्या.

पालकत्वाविषयी आपण विचारलेत, तो प्रश्न योग्य आहे, आणि मुलगी पोर्तुगालमध्येच राहणार असती तर मी कदाचित तेच सुचवले असते. अडचण अशी की मुलांच्या पालकत्वाचे आदेश देशोदेशी मान्य व्हावेत यासाठी असलेल्या १९९६ च्या हेग करारात पोर्तुगाल आहे, भारत नाही. पालकत्वाचा आदेश घेऊन आपण तिला इथे आणले, तर तो मान्य करून घेण्यासाठी स्वतंत्र खटपट करावी लागेल. दत्तकाला ती अनिश्चितता नाही.

घराच्या वाट्याबाबत निश्चिंत राहा. दत्तकापूर्वी जी मालमत्ता मुलाच्या नावे आलेली असते ती दत्तकानंतरही त्याचीच राहते, असे आपल्या बाल न्याय कायद्याच्या कलम ६३ मध्ये आहे. तरीही माझे मत असे की इन्व्हेंटरी शक्यतो आधीच सुरू करावी आणि त्यात तिचे नाव भावाची वारस म्हणून लागावे. तिच्या वडिलांचे नाव तिच्या हक्कासह गोव्याच्या न्यायालयीन कागदात कायमचे राहील.

लिस्बनहून एका वाचकाचे उत्तर :

मी मूळचा सांग्याचा. इथल्या कायद्याविषयी थोडी भर घालतो. जोडप्याने मिळून दत्तक घेण्यासाठी लग्नाला ४ वर्षे झालेली असावीत आणि दोघांचीही वये २५ च्या वर असावीत, या अटीत आपण बसता. निर्णयापूर्वी मूल आणि होणारे पालक यांना काही काळ एकत्र राहावे लागते, आणि तो कसा गेला याचा अहवाल न्यायालय पाहते. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, म्हणून कोण केव्हा येणार याचे गणित आधी मांडा. भारतातील सर्व कागदांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणन) आणि पोर्तुगीज भाषांतर लागेल.

नागरिकत्वाची काळजी नको. दत्तक गेल्याने पोर्तुगीज नागरिकत्व जात नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून भारतीय पासपोर्टच्या मागे लगेच लागू नका. तिच्यासाठी ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड, घ्या. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातील लोक आणि त्यांची मुले-नातवंडे यांचा ओसीआयच्या कायद्यात वेगळा उल्लेख आहे, आणि गोवा त्यातच येतो. म्हणजे दत्तक होवो वा न होवो, तिच्या आजीच्या जन्मनोंदीवर तिचा तो हक्क आहेच.

आडनावाचे आपण लिहिलेले खरे आहे. इथल्या कायद्याने दत्तक मूल मूळ आडनाव सोडून नवे घेते आणि मूळ कुटुंबाशी कायदेशीर नाते संपते. पहिले नाव मात्र तेच राहू शकते. आपल्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे : आपली आई आज तिच्या वडिलांची आई आहे, उद्या तिच्या आईची आई होईल. आजीचे नाते कायद्यानेही तुटत नाही.

मूळ धागाकर्तीचे निवेदन :

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मी अत्यंत ऋणी आहे. शेवटचा मजकूर मी आईला वाचून दाखवला. तिने तो पुन्हा वाचायला लावला, आणि मग कपाटातून आपला जन्मदाखला काढून आणला. भावाने लिस्बनला जाताना ज्याच्या प्रती काढल्या होत्या तोच हा कागद. घडीवर फाटायला आला आहे. आता त्याची नवी प्रत सिव्हिल रजिस्ट्रारकडून काढायची आहे. आमच्या लग्नाची दुसरी सही झालेली आहे, दाखला हाताशी आहे.

आमचा निर्णय दत्तकाचा झाला आहे. सोमवारी आम्ही जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाणार आहोत आणि इन्व्हेंटरीसाठी दुसऱ्या वकिलांना भेटणार आहोत. भावजयीचे आणि भावाचे फोटो, लग्नपत्रिका, तिच्या बारशाची चित्रफीत आणि सध्याच्या जन्मदाखल्याची प्रत, हे सगळे मी तिच्या नावाने एका पेटीत ठेवायला घेतले आहे. तिचे आईवडील कोण होते हे तिला कधीही कुणाला विचारावे लागू नये, अशी माझी इच्छा आहे.

आता एकच विचारायचे राहिले. यजमानांना सलग तीन महिन्यांची रजा मिळणे कठीण आहे आणि मुलाचे आठवीचे वर्ष आहे. एकत्र राहण्याच्या काळात दोघांनीही पूर्ण वेळ लिस्बनमध्येच असावे लागते, की एकाने सलग राहून दुसऱ्याने मध्ये येऊन-जाऊन केलेले तिथले सामाजिक कार्यकर्ते मान्य करतात? असा काळ तिथे प्रत्यक्ष घालवलेल्या कुणी, आपण कसे केले होते, ते कृपया कळवावे.