‘गेट म्हणजे मिळणे’ एवढंच किती दिवस शिकवणार?

खडूवाली:
शेजारच्या सातवीतल्या मुलीची वही काल पाहिली. मराठी माध्यम. निबंधात तिने लिहिलं होतं, ‘माय फादर गॉट अँग्री’. ‘गॉट’वर लाल रेघ आणि वर ‘बिकेम’. ती मला विचारते, “मावशी, राग मिळत नाही म्हणून चुकलं का?”

मला फार वाईट वाटलं. वाक्य बरोबर होतं. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे, पण ‘गेट’चा अर्थ अजून ‘मिळणे’ एवढाच पाठ करून घेतला जातो. खरं तर पुढे काय येतं त्यावर तो ठरतो. वस्तू आली की मिळणं किंवा आणणं, विशेषण आलं की होणं (‘गेट वेट’), ठिकाण आलं की पोचणं (‘गेट होम’).

मुलांना हे जड जाणार नाही, कारण आपल्याकडे ‘लागणे’ असंच दहा कामं करतं. नोकरी लागली, ‘गॉट अ जॉब’. सवय लागली, ‘गॉट यूज्ड टू इट’. कामाला लागलो, ‘गॉट टू वर्क’. मला जावं लागेल, ‘आय हॅव गॉट टू गो’. ‘लागणे’चं ‘लावणे’ केलं तरी जमतं: त्याला लिहायला लावलं, ‘गॉट हिम टू राइट’. सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत आहे.

क्लासवाला:
अजिबात पटलं नाही. बारा वर्षं शिकवतोय. ही जुळणी फळ्यावर छान दिसते आणि वहीत घात करते. भूक लागली की मूल लिहिणार ‘आय गॉट हंग्री’. आत्ता पोटात कावळे ओरडत असतील तर ‘आय ॲम हंग्री’ हवं. वेळ लागतो, तिथे ‘टेक’. ठेच लागली, पदार्थ गोड लागतो, यांत ‘गेट’ कुठे आहे? त्यापेक्षा वीस-पंचवीस वाक्यं तोंडपाठ होऊ द्या. आपण बसमधून ‘गेट डाउन’ करतो, इंग्रज ‘गेट ऑफ’ करतो. हे कुठल्या नियमाने सांगणार? कानावर पडूनच येतं.

खडूवाली:
भुकेचा मुद्दा मान्य. ‘लागली’ हे रूप भूतकाळाचं आणि भूक आत्ताची, हे मुलांना वेगळं सांगावंच लागेल. पण नुसत्या पाठांतराचं काय होतं तेही पाहिलंय. ‘गेट वेट’ पाठ असलेली हीच मुलगी ‘कपडे वाळले’पाशी अडली. ‘गेट ड्राय’ तिच्या यादीत नव्हतं.

मसुदा:
मी कचेरीत इंग्रजी पत्रं तपासते. ‘वी गॉट युअर लेटर’ असं आलं की मीही खोडते, ‘रिसीव्ह्ड’ करते. ‘गेट’ बोलण्यातला शब्द आहे. शिक्षकांनी लेखनाची शिस्त लावली, त्यात काय बिघडलं?

खडूवाली:
पत्रात खोडा, जरूर. इथे मूल बाबांच्या रागाबद्दल लिहितंय. ‘असंही लिहिता येतं’ म्हणून शेजारी ‘बिकेम’ लिहिलं असतं तर मी काहीच म्हटलं नसतं. लाल रेघेचा अर्थ मुलाच्या लेखी एकच असतो: चूक.

न्यू जर्सीकर:
आमच्याकडे उलटा वाद. मुलं ‘गॉट’ऐवजी ‘गॉटन’ म्हणतात आणि पुण्याहून आजोबा फोनवर दुरुस्त करतात. अमेरिकेत दोन्ही चालतात, अर्थ वेगळे. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे घेतली. रूप जुनंच आहे; ब्रिटनमध्ये मागे पडलं, इथे टिकलं. ‘फरगॉटन’ तर आजोबाही म्हणतात! त्यामुळे क्लासवाल्यांचं म्हणणं मला जवळचं वाटतं, पण ‘आपल्या कानावर पडलं नाही म्हणजे चूक’ असं मात्र नको.

क्लासवाला:
‘लागणे’चा तक्ता मी वर्गात लावणार नाही, त्यावर ठाम आहे. ‘पुढे काय येतं ते बघा’ हे मात्र सोमवारी सातवीला करून बघतो. आणि ते वाक्य बरोबर होतं, हे त्या मुलीला तिच्या शिक्षकांकडूनच कळायला हवं.

खडूवाली:
शनिवारी पालकसभा आहे. तिच्या आईने मला सोबत बोलावलंय, वही घेऊनच जातेय.