प्रतिसाद: मॅकब्राइड यांचं उदाहरण
वर एका सभासदाने लिहिलंय की मानवी हक्क संस्थेवर राजकारणातला माणूस नकोच. सरसकट पटत नाही. शॉन मॅकब्राइड बघा. तरुणपणी आयरिश बंडखोर, मग वकील, १९४८ ते ५१ परराष्ट्रमंत्री. मंत्री म्हणून १९५० साली युरोपच्या मानवी हक्क करारावर त्यांनी आयर्लंडतर्फे सही केली. आणि पुढे त्याच करारावर बोट ठेवून, खटल्याविना डांबलेल्या लॉलेस नावाच्या आयरिश माणसासाठी ते आपल्याच सरकारविरुद्ध उभे राहिले! युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा तो पहिला खटला. लॉलेस हरला, पण सरकारला जाब द्यावा लागला. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेचं अध्यक्षपद, १९७४ चं नोबेल हे सगळं आहेच, मला मोठी वाटते ती ही वकिली.

आपल्याकडे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा अध्यक्ष कायद्यानेच सर्वोच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायमूर्ती असतो. मला खुपतं ते वेगळंच: आयोग फक्त शिफारस करतो. सरकारनं ती गुंडाळून ठेवली तर उच्च न्यायालय गाठायचं, आणि ऑगस्ट २०२५ पर्यंत त्यासाठी कोल्हापूरकराला मुंबईच गाठावी लागायची. आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. आयोगाकडे तक्रार मात्र घटना घडल्यापासून वर्षाच्या आत करावी लागते, एवढं गावाकडं आवर्जून सांगा.