मदत हवी आहे : पिंगळक, करटक, दमनक वगैरे नावांचे अर्थ

सुरसागर_७ : परवा दांडिया बाजारात वाचन आहे. पिंगळक, संजीवक, करटक, दमनक, मंथरक, करालमुख. अर्थ सांगा, तेवढेच. गूगल करा म्हणू नका, केलंय.

नाना_बडोदेकर : कसलं वाचन? पंचतंत्र म्हणावं तर मंथरक दुसऱ्या तंत्रातला आणि करालमुख चौथ्यातला. एका गोष्टीत कसे आले?

सुरसागर_७ : विनोदी कथा आहे, आमच्याच ग्रुपमधल्या एकाची. अर्थ, प्लीज.

ताकभात : मंथरा कैकेयीची दासी होती. तिच्यावर विनोदी कथा?

नाना_बडोदेकर : अहो, ती मंथरा, हा मंथरक! मंथर म्हणजे संथ, म्हणून कासव. पिंगळक पिंगट रंगाचा सिंह. दमनक वठणीवर आणणारा. करट म्हणजे कावळा, पण करटक कोल्हा आहे. करालमुख, भयंकर तोंडाची मगर.

मांडवीचा_मक्या : आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींना नावं लागत नाहीत. पावसाळ्यात स्वतःच सोसायटीत येऊन ओळख करून देतात.

ताकभात : मगर नव्हे, सुसर.

मांडवीचा_मक्या : सुसरीचं तोंड लांब, निमुळतं असतं. कमाटी बागेपाशी पुलावरून बघा एकदा, मग बोला.

अभ्यासू : करटक-दमनकाचं अरबीत कलीला-दिम्ना झालं, 8व्या शतकात. मोठा विषय आहे, वेगळा धागा काढतो.

सुरसागर_७ : नको! कथेत प्राणी नाहीतच, सगळी ऑफिसातली माणसं आहेत. पिंगळक साहेब, करटक-दमनक कारकून.

नाना_बडोदेकर : हे आधी सांगायचं ना ताई!! मूळ गोष्टीत सिंह बैलाच्या नुसत्या हंबरण्याला घाबरतो. दमनक त्यांची मैत्री लावून देतो आणि मग तोच मोडतो. बैलाचं नाव संजीवक, म्हणजे जीव देणारा, आणि जीव जातो त्याचाच. तुमच्याकडे नोकरी कुणाची जाते?

सुरसागर_७ : संजीवकची. नवीन आलेला, मोठ्याने बोलणारा.

नाना_बडोदेकर : मग झालं की. फक्त सुरुवातीला अर्थ सांगत बसू नका, हसू तिथेच संपेल.

सुरसागर_७ : पण प्रास्ताविक माझ्याकडेच आहे!

अभ्यासू : मग बैलाचं हंबरणं तेवढं सांगा, बाकी लोक जुळवतील.

ताकभात : करालमुख कोण?

सुरसागर_७ : अकाउंट्सवाल्या मॅडम.

मांडवीचा_मक्या : त्या येणार आहेत का वाचनाला?

लाडू_चिवडा : माइक स्वतःचा न्या. हॉलचा मध्येच बंद पडतो.