प्रतिसाद : जळगावात रात्री काही नसतं?

वर कुणीतरी म्हटलंय की जळगावात आठनंतर करायला काही नाही, पुण्यालाच जावं लागतं. मला नाही पटत. थंडीत जिल्ह्यातल्या बामणोद गावची वांगी आली की पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजतात, साल काढताना बोटं काळी होतात, मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून ठेचलेलं भरीत आणि गरम कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी, ह्याच्यापुढे कुठलं पबचं जेवण? आणि जानेवारीत बालगंधर्व महोत्सव असतो की, तीन दिवस गाणं. मागे हायवेवरच्या एका हॉटेलात लाइव्ह गझल होती, साउंड इतका मोठा ठेवलेला की तबलाच ऐकू येईना, शेवभाजी मात्र झणझणीत होती, तर्रीसकट संपवली.