एक्सपी पासवर्ड न विचारताच सुरू होतंय

प्रश्न: आईच्या जुन्या संगणकावर विंडोज एक्सपी आहे. हल्ली तो चालू केला की थेट डेस्कटॉप येतो. पासवर्ड काढलेला नाही. लॉग ऑफ केलं की तो बरोबर विचारतो. तिची सगळी कागदपत्रं त्यात आहेत, त्यामुळे काळजी वाटते.

उत्तर: लॉग ऑफनंतर विचारतोय ना, मग खातं ठीक आहे. ऑटो लॉगऑन, म्हणजे पासवर्ड न विचारता आपोआप आत जाण्याची सोय, चालू झालंय. स्टार्ट, रन, तिथे ‘कंट्रोल युजरपासवर्ड्स२’ इंग्रजीत टाइप करा. स्पेस फक्त ‘कंट्रोल’नंतर. उघडलेल्या खिडकीत सगळ्यात वर ‘युजर्स मस्ट एंटर…’ अशी ओळ असेल. तिथली टिक गेलेली असणार. ती लावा, ओके करा, रीस्टार्ट करा.

उत्तर: शिवाय रेजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे) ‘विनलॉगऑन’ नावाच्या कीमध्ये, म्हणजे कप्प्यात, ‘डिफॉल्टपासवर्ड’ ही नोंद दिसते का बघा. कुणी हाताने बदल केला असेल तर पासवर्ड तिथे साध्या अक्षरांत, कुणालाही वाचता येईल असा पडून राहतो! ती नोंद काढा आणि पासवर्डही बदला. एक्सपीचे सुरक्षा अपडेट २०१४ मध्येच थांबलेत, म्हणून कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घ्याच.

प्रश्नकर्ती: टिक खरंच नव्हती. लावली, आता विचारतोय. रेजिस्ट्रीत ती नोंद नाही. मनापासून आभार, प्रत आजच घेते.